कालायाआन वसतिगृहातले चौघे : इरेझरहेड्स या फिलिपिनो बँडच्या उदयाचा अभ्यास

1991 साली मनिलातील रेकॉर्ड कंपन्या आणि रेडिओ केंद्रे यांच्याकडे नऊ गाण्यांची एक डेमो टेप फिरत होती. फिलिपिन्स विद्यापीठात शिकणाऱ्या चार मुलांनी ती केली होती. ध्वनिमुद्रण ओबडधोबड होते आणि गायकाचा गळाही तयारीचा नव्हता. ही गाणी पुरेशी ‘पॉप’ नाहीत, असा शेरा एका कंपनीने मारला. मुलांनी त्याच गाण्यांवर पुन्हा काम करून स्वतःच कॅसेट काढली आणि तिचे नाव ठेवले ‘पॉप-यू!’. सहा वर्षांनी, सप्टेंबर 1997 मध्ये, न्यूयॉर्कला झालेल्या एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात आशिया विभागाचा प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार याच चौघांच्या चित्रफितीला मिळाला आणि तो मिळवणारा हा पहिला फिलिपिनो बँड ठरला. इली बुएन्दिया, रेमंड मारासिगान, बडी झाबाला आणि मार्कस आदोरो हे ते चौघे, आणि बँडचे नाव इरेझरहेड्स.

या दोन घटनांमधल्या सहा वर्षांचा उलगडा बहुधा ‘कॉलेजच्या चार दोस्तांची कहाणी’ असा केला जातो. तो मला अपुरा वाटतो. वाजवण्यातले कसब म्हणावे, तर त्यांच्याहून सफाईदार वाजवणारे बँड त्या काळी मनिलात होते. दोस्ती म्हणावी, तर तिच्याबद्दल बुएन्दियांनी पुढे जे सांगितले ते या समजाला छेद देणारे आहे. या बँडला वर नेले ते चौघांच्या सामायिक जागेने आणि त्या जागेत बोलल्या जाणाऱ्या भाषेने, असे माझे म्हणणे आहे, आणि त्या जागेपासून ते दूर गेल्यावर त्यांना एकत्र धरून ठेवणारे फारसे काही उरले नाही, हेही त्याच म्हणण्याचे दुसरे अंग आहे.

पार्श्वभूमी

फेब्रुवारी 1986 मध्ये मनिलाच्या एड्सा या हमरस्त्यावर लाखो लोक उतरले आणि फर्डिनंड मार्कोस यांची वीस वर्षांची सत्ता संपली. त्यानंतर अध्यक्ष कोराझोन अकिनो यांनी जुलै 1987 मध्ये एक आदेश काढला, ज्यानुसार संगीत वाजवणाऱ्या प्रत्येक रेडिओ केंद्राला दर तासाला किमान चार मूळ फिलिपिनो गाणी लावणे बंधनकारक झाले. त्याच वर्षी मनिलात एनयू 107 हे केंद्र सुरू झाले आणि पुढे रॉक संगीताचे हक्काचे ठिकाण बनले. सरकारी आदेशाने चांगली गाणी जन्माला येत नाहीत हे खरे, पण देशी गाण्याला रेडिओवर जागा आहे ही जाणीव त्याने निर्माण केली, आणि एका पिढीला स्वतःची गाणी लिहावीशी वाटण्यासाठी ही जाणीव पुरेशी असते.

फिलिपिनो रॉकला परंपरा नव्हती असे नाही. सत्तरच्या दशकात हुआन दे ला क्रूझ बँडने टागालोग भाषेत रॉक गाऊन दाखवले होते, आणि ‘मनिला साउंड’ म्हणून ओळखल्या गेलेल्या त्याच दशकातल्या हलक्याफुलक्या गाण्यांत टागालोग आणि इंग्रजीची सरमिसळ सर्रास होती. तरीही ऐंशीचे दशक संपताना बारमध्ये आणि महाविद्यालयांच्या कार्यक्रमांत वाजवणाऱ्या बँडची परीक्षा मुख्यतः एकाच कसोटीवर होत असे : परदेशी गाणे किती हुबेहूब वाजते? त्यासाठी तिथे एक नेमका शब्द आहे, ‘प्लाकादो’. ‘प्लाका’ म्हणजे ग्रामोफोनची तबकडी, आणि ‘प्लाकादो’ म्हणजे तबकडीबरहुकूम. फिलिपिनो वादक याच गुणामुळे आशियाभरच्या हॉटेलांत आणि जहाजांवर कामाला लागत आले आहेत, त्यामुळे ही कसोटी म्हणजे रोजीरोटीचा प्रश्न होता.

इरेझरहेड्स या कसोटीवर नापास झाले. दुसऱ्यांची गाणी त्यांना नीट वाजवता येत नव्हती, आणि तेच कारण होऊन ते स्वतःची गाणी लिहू लागले, असे बँडच्या इतिहासात वारंवार सांगितले जाते. मला ही गोष्ट या प्रकरणाचा पाया वाटते. प्लाकादो वाजवता येणारा बँड कदाचित एखाद्या हॉटेलात स्थिरावला असता. ज्यांना ती वाट बंद होती, त्यांना आपल्या भोवतालाकडे बघण्यावाचून गत्यंतर नव्हते.

वसतिगृह आणि त्याची भाषा

फिलिपिन्स विद्यापीठ 1908 साली स्थापन झाले. ते सरकारी आहे, त्याची प्रवेश परीक्षा देशभर होते आणि केसोन सिटीतल्या दिलिमान येथील त्याच्या मुख्य परिसरात बेटाबेटांवरून मुले येतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना राहण्यासाठी तिथे कालायाआन नावाचे वसतिगृह आहे; ‘कालायाआन’ या शब्दाचा अर्थ स्वातंत्र्य. बुएन्दिया बिकोल प्रांतातल्या नागा शहरातून आले होते. घरापासून प्रथमच दूर राहणारी, परगावची, खिशात मोजके पैसे असलेली मुले एका छपराखाली राहतात तेव्हा काय होते, हे वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. कुणाच्या तरी खोलीत एक गिटार असते आणि रात्री ती सगळ्यांची होते.

या परिसरात ‘संडे स्कूल’ आणि ‘कर्फ्यू’ नावाचे दोन छोटे विद्यार्थी-बँड होते. त्या दोहोंतून माणसे जुळत जुळत 1989 साली या चौघांचा बँड उभा राहिला. नाव त्यांनी डेव्हिड लिंच यांच्या 1977 सालच्या चित्रपटावरून घेतले, जे चित्रपटाचे शिक्षण घेणाऱ्या बुएन्दियांना शोभणारेच होते.

दिलिमानच्या परिसरातून विद्यार्थ्यांची ने-आण करणाऱ्या जीपनी, म्हणजे जीपसारख्या सामायिक प्रवासी गाड्या, एका दिशेने गोल फिरतात, त्यांना ‘इकोत’ म्हणतात, म्हणजे फेरी. काही जीपनी उलट्या दिशेने जातात, आणि त्यांचे नाव आहे ‘तोकी’, जे ‘इकोत’ हा शब्द उलटा लिहून तयार झाले आहे. शब्द उलटा करून नवा शब्द पाडणे ही मनिलाच्या तरुणांची जुनी खोड आहे, आणि इथे ती वाहनाच्या पाटीपर्यंत पोहोचली आहे. वर्गात इंग्रजी, वसतिगृहात टागालोग, गावच्या मित्राशी बिकोल किंवा सेबुआनो, आणि गप्पांत या सगळ्याची मिसळ, अशी ती भाषा होती. त्याआधीची बरीचशी प्रेमगीते ज्या घासूनपुसून घेतलेल्या टागालोगमध्ये लिहिली जात, ती भाषा या मुलांपैकी कुणीही प्रत्यक्षात बोलत नव्हते. इरेझरहेड्सने वसतिगृहात बोलली जाणारी भाषा जशीच्या तशी चालीवर बसवली.

या टप्प्यावर एका शिक्षकाचा उल्लेख आवश्यक आहे. रॉबिन रिवेरा हे त्याच विद्यापीठात शिकवत होते आणि त्यांना ध्वनिमुद्रणाची जाण होती. ‘पॉप-यू!’ची कॅसेट ऐकण्याजोगी झाली ती त्यांच्या मदतीने, आणि दुसऱ्या अल्बमपासून ते बँडचे निर्माते झाले. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातला हा संबंध मला बँडच्या चौघांतल्या संबंधाइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण विद्यार्थ्यांच्या कच्च्या आवाजाला घासून गुळगुळीत न करता तो नीट ऐकू येईल एवढेच करायचे, हा संयम बाहेरच्या व्यावसायिक निर्मात्याकडे असेलच याची खात्री नव्हती.

कॅसेट हातोहात विकली जात होती आणि बँड विद्यापीठाबाहेर वाजवू लागला होता. केसोन सिटीतला क्लब ड्रेड हा छोटा क्लब त्यांचे घर बनला. तिथे नियम साधा होता : आपली स्वतःची गाणी वाजवा. ज्या शहरात बारमालक परदेशी गाण्यांची यादी हातात ठेवत, तिथे असा एक मंच असणे म्हणजे काय, हे त्यातून पुढे आलेल्या बँडच्या संख्येवरून कळते. अखेर बीएमजी या कंपनीच्या फिलिपिन्स शाखेने त्यांना करारबद्ध केले आणि 1993 साली पहिला अल्बम बाजारात आला.

गाणी जवळून पाहताना

त्या अल्बमचे नाव होते ‘अल्ट्राइलेक्ट्रोमॅग्नेटिकपॉप!’. परक्या वाचकाला हे नुसते लांबलचक गमतीदार नाव वाटेल, पण फिलिपिनो तरुणाला त्यातला इशारा क्षणात कळत होता. ‘व्होल्टेस फाइव्ह’ या जपानी व्यंगचित्र मालिकेतल्या महाकाय यंत्रमानवाकडे ‘अल्ट्रा इलेक्ट्रोमॅग्नेटिक टॉप’ नावाचे भोवऱ्यासारखे अस्त्र होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ही मालिका मनिलात अफाट लोकप्रिय झाली, आणि 1979 साली शेवटचे मोजके भाग उरलेले असताना मार्कोस सरकारने तिच्यावर बंदी घातली. शेवट बघायला न मिळालेली ती मुले 1993 साली विशीत होती. ‘टॉप’चे ‘पॉप’ करून बँडने त्या सगळ्यांना एका शब्दात हाक मारली आणि ‘पुरेसे पॉप नाही’ म्हणणाऱ्यांना दुसऱ्यांदा उत्तरही दिले.

याच अल्बममधले ‘पारे को’ हे गाणे देशभर गाजले. ‘पारे’ हा मूळ स्पॅनिश ‘कोम्पाद्रे’वरून आलेला शब्द, आपल्याकडच्या ‘यार’सारखा वापरला जाणारा. प्रेमात फसगत झालेला मुलगा आपल्या मित्रापाशी मन मोकळे करतो आहे, एवढाच गाण्याचा विषय आहे. परंतु तो ज्या शब्दांत बोलतो ते शब्द अशा वेळी मित्र खरोखर वापरतात तेच आहेत, शिव्यांसकट, त्यामुळे रेडिओसाठी ते गाळलेली आवृत्ती करावी लागली. गाळलेल्या जागी नेमके काय आहे हे सगळ्यांनाच ठाऊक असल्याने, श्रोते ती जागा स्वतः भरून मोठ्याने गात.

‘तिंदाहान नी आलिंग नेना’ या गाण्यात एक मुलगा कोपऱ्यावरच्या नेनाबाईंच्या दुकानात व्हिनेगर आणायला जातो आणि पैसे देताना त्याला खिडकीत वाकून उभी असलेली मुलगी दिसते. फिलिपिन्सच्या प्रत्येक गल्लीत घराच्याच एका खोलीत थाटलेले असे ‘सारी-सारी’ दुकान असते, जिथे एक वडी साबण किंवा एक सुटी सिगारेट मिळते. आपल्या वाड्यातल्या किंवा चाळीखालच्या वाणसामानाच्या दुकानाचे ते जवळचे नातेवाईक. ‘लिगाया’ या गाण्यातला प्रियकर प्रेयसीसाठी काय वाटेल ते करायला तयार आहे आणि त्या ‘काय वाटेल ते’मध्ये तिचा प्रबंध लिहून देणेही येते. चंद्र-तारे आणून देण्याच्या आणाभाकांच्या जागी प्रबंध आला, आणि ज्यांनी ते कष्ट प्रत्यक्ष भोगले होते त्यांना त्या वचनाची किंमत अचूक कळली.

यातल्या मांडणीचीही नोंद घ्यायला हवी. 1995 सालच्या ‘कटरपिलो’ या तिसऱ्या अल्बममधले ‘आंग हुलिंग एल बिम्बो’ हे त्यांचे सर्वांत नावाजलेले गाणे जी, ए सेव्हन, सी आणि पुन्हा जी एवढ्याच कॉर्डवर फिरते. गिटार हातात घेऊन महिनाही न झालेल्या मुलाला ते वाजवता येते. तिथे गाण्यांचे शब्द आणि कॉर्ड छापणारी स्वस्त मासिके निघत आणि गिटारही सहज मिळत असे. त्यामुळे इरेझरहेड्सचे गाणे कॅसेटवर ऐकले गेले त्याहून अधिक ते कट्ट्यावर, जिन्यात, मद्याच्या मैफलीत गायले गेले. गायकाचा गळा सामान्य असणे इथे लाभाचेच ठरले, कारण त्याच्यासारखे गाता येईल का, अशी धास्ती कुणालाच वाटली नाही.

आणि तरीही ते गाणे हलके नाही. लहानपणी निवेदकाला शेजारची, जुन्या काळची अभिनेत्री पारालुमान हिच्यासारखी दिसणारी एक मुलगी ‘एल बिम्बो’चे नृत्य शिकवते, हात धरून नाचायला शिकण्यातले ते पहिले थरथरणे चाल आनंदाने सांगत राहते. मग वर्षे जातात. तिला एक मूल आहे आणि नवरा नाही, ती एर्मिता भागात भांडी घासते, असे त्याच्या कानावर येते. आणि एका रात्री अंधाऱ्या गल्लीत ती वाहनाखाली सापडते. एवढा मोठा आघात अवघ्या दोन ओळींत उरकला जातो आणि चाल मात्र मघाच्याच कॉर्डवर, नाचाच्या ठेक्यात, बराच वेळ फिरत राहते. मनिलाच्या गरीब मुलीचे आयुष्य कसे वळते हे त्यांना भाषणावाचून सांगता आले, आणि मला हे त्यांचे सर्वोच्च काम वाटते. न्यूयॉर्कचा पुरस्कार मिळाला तो आउरेउस सोलितो यांनी दिग्दर्शित केलेल्या याच गाण्याच्या चित्रफितीला.

विरोध आणि विस्तार

1994 साली ‘सर्कस’ हा दुसरा अल्बम आला आणि त्यातल्या ‘आलापाआप’ या गाण्यावरून वाद पेटला. शब्दाचा अर्थ ढग, गाण्याचा विषय आकाशात तरंगण्याची इच्छा. दूरचित्रवाणीवरून घराघरांत पोहोचलेले आणि नंतर सिनेटर झालेले टिटो सोत्तो यांनी 1995 साली हे गाणे अमली पदार्थांचा पुरस्कार करते असा आरोप करून त्यावर बंदीची मागणी केली. बँडने पत्र लिहून, हे गाणे स्वातंत्र्याविषयीचे आहे, असा खुलासा केला. बंदीच्या मागणीने गाण्याचे काही बिघडले नाही. पण या वादामुळे एक गोष्ट स्पष्ट झाली : विद्यापीठाच्या आवारातली मुले आपसात जे बोलत होती, त्याची दखल आता देशाच्या सिनेटला घ्यावी लागत होती.

‘कटरपिलो’पर्यंत बँडच्या लोकप्रियतेने कळस गाठला होता. इरेझरहेड्सच्या यशानंतर कंपन्या महाविद्यालयांतल्या आणि क्लबांतल्या बँडचा शोध घेऊ लागल्या, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर फिलिपिन्समध्ये बँडचे जे पेव फुटले त्यात यानो, रिव्हरमाया आणि आतेनेओ दे मनिला शाळेतल्या मित्रांचा पारोक्या नी एडगर हे ठळक होते.

उतरण

पुढच्या वर्षांबद्दल थोडक्यात सांगतो. 1996 साली नाताळवर आधारलेला ‘फ्रूटकेक’, 1997 साली ‘स्टिकर हॅपी’, 1999 साली ‘नातिन99’ आणि 2001 साली ‘कार्बन स्टिरिऑक्साइड’ आले. ध्वनीचे प्रयोग वाढले, चौघांची आवड चार दिशांना जाऊ लागली. मारासिगान 1998 पासून सँडविच या दुसऱ्या बँडमध्येही वाजवत होते. तिशीत आलेल्या, संसार आणि व्यवसायाचे व्याप सुरू झालेल्या माणसांना वसतिगृहाची भाषा किती काळ बोलता येणार? शेवटच्या अल्बममध्ये तंत्र आहे, जाणतेपणा आहे, पण नेनाबाईंचे दुकान नाही, आणि हा दोष मी कुणाच्याही माथी मारणार नाही.

2002 साली बुएन्दियांनी सहकाऱ्यांना मोबाइलवर संदेश पाठवला, की आज पदवीदानाचा दिवस आहे. बँड सोडण्याची ती सूचना होती. बाहेर पडतानाही त्यांना शब्द सुचला तो विद्यापीठातलाच.

त्यानंतरचे पुनर्मीलनाचे कार्यक्रम हे लोकांच्या आठवणींचे बळ दाखवतात. 30 ऑगस्ट 2008 रोजी झालेला पहिला कार्यक्रम अर्ध्यावर थांबला, कारण काही दिवसांपूर्वीच आई गमावलेले, हृदयविकार असलेले बुएन्दिया मध्यंतरात कोसळले. उरलेला भाग 7 मार्च 2009 रोजी वेगळा कार्यक्रम करून पुरा करण्यात आला. सप्टेंबर 2021 मध्ये पुन्हा एकत्र कधी येणार असे विचारले गेले तेव्हा, लेनी रॉब्रेदो अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या तर, असे बुएन्दियांनी उत्तर दिले. तत्कालीन उपाध्यक्ष रॉब्रेदो याही नागा शहराच्या. त्या उभ्या राहिल्या आणि मे 2022 मध्ये मार्कोस यांच्याच मुलाकडून पराभूत झाल्या. बँडने मात्र 22 डिसेंबर 2022 रोजी पारान्याकेच्या मैदानावर अफाट गर्दीसमोर कार्यक्रम केला.

त्याच 2021 साली एका मुलाखतीत बुएन्दियांनी सांगितले होते की आम्ही चौघे कधीच जवळचे मित्र नव्हतो आणि बँड फुटला तो त्यामुळेच. अनेक चाहत्यांना ते लागले. मी ते विधान ‘सर्कस’मधल्या ‘मिन्सान’ या गाण्याशेजारी ठेवून वाचतो. ‘मिन्सान’ म्हणजे ‘एकदा’, ‘कधी काळी’. कालायाआनमध्ये आपण कधी काळी भेटलो, एकाच छपराखाली राहिलो, प्रत्येकाचे उद्योग वेगळे आणि आयुष्याकडून मागणेही वेगळे, असे ते गाणे सुरुवातीलाच सांगते. आणि अखेरीस विनवते की पुढे कधी अडचणीत सापडलात तर एवढे आठवा, आपण कधी काळी खरे मित्र होतो. बँड यशाच्या शिखराकडे चालला होता तेव्हाचे, 1994 सालचे हे गाणे आहे, आणि त्यात मैत्री आधीच भूतकाळात जमा झालेली आहे. चौघांपैकी कुणाचेही नाव त्यात येत नाही. नाव येते ते फक्त वसतिगृहाचे.